मत, घर आणि कथनाचा अधिकार : समलिंगी संबंधांविषयीची लोकदृष्टी आणि तीन मराठी साहित्यकृती

१

समलिंगी संबंध आणि समलिंगी विवाह यांविषयी आपल्या समाजाची दृष्टी काय आहे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत न्यायालयांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत वारंवार उपस्थित झाला आहे. त्याचे उत्तर देण्याची सर्वपरिचित पद्धत म्हणजे पाहणी. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार समलिंगी जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क असावा, असे मत भारतातील ५३ टक्के प्रौढ उत्तरदात्यांनी दिले, तर ४३ टक्के उत्तरदाते विरोधात होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात विवाहहक्काच्या याचिकांची सुनावणी चालू असताना केंद्र शासनाने राज्यांचे अभिप्राय मागविले. सात राज्यांनी उत्तरे पाठविली. त्यांपैकी राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध नोंदविला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम यांनी या विषयावर अधिक विचारविनिमय आवश्यक असल्याचे सांगून वेळ मागितला.

हे दोन्ही तपशील उपयुक्त आहेत. पण ते 'मता'चे तपशील आहेत. अनोळखी माणसाने विचारलेल्या प्रश्नाला दिलेले होकारार्थी अथवा नकारार्थी उत्तर आणि स्वतःच्या घरातील मुलाने वा मुलीने उच्चारलेल्या एका वाक्यानंतरचे वर्तन यांत मोठे अंतर असू शकते. पहिल्यास आपण लोकमत म्हणतो. दुसऱ्यासाठी मराठीत रूढ संज्ञा नाही. प्रस्तुत लेखात त्यास सोयीसाठी 'घरमत' असे म्हटले आहे. घरमत पाहणीत सापडत नाही, कारण ते बहुधा शब्दरूप घेत नाही. जेवणाच्या ताटावरची शांतता, अचानक ठरविलेले लग्न, बंद केलेले दार, 'हा विषय पुन्हा नको' एवढेच वाक्य, अशा रूपांत ते वावरते. त्याचा शोध घ्यावयाचा तर कथात्म आणि नाट्यात्म साहित्याकडे वळावे लागते.

या दृष्टीने विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' (प्रथम प्रयोग १९८१) हे नाटक, चेतन दातार यांचे 'एक माधवबाग' हे एकपात्री नाट्य आणि सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) ही कादंबरी या तीन कृतींचा येथे विचार केला आहे. या कृतींत समलिंगी व्यक्तीची गोष्ट कोण सांगते आणि ती कोणाला सांगितली जाते, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. कथनाचा अधिकार कोणाकडे जातो यावरून समाजाने त्या व्यक्तीला कोणते स्थान दिले आहे हे कळते, अशी प्रस्तुत लेखाची धारणा आहे.

२

या तीन कृतींकडे वळण्यापूर्वी एका वाङ्मयबाह्य, पण मराठी गद्याच्या इतिहासात महत्त्वाच्या घटनेची नोंद घेणे आवश्यक आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय होते. वाचकांनी पत्राने शंका विचाराव्यात आणि संपादकाने त्यांची शास्त्राधारे उत्तरे द्यावीत, हे या मासिकाचे एक वैशिष्ट्य. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्या प्रश्नांत हस्तमैथुन आणि समसंभोग यांविषयीच्या शंका होत्या. कर्वे यांचा बचाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. खटल्याचा निकाल कर्वे यांच्या विरोधात गेला आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. या आणि अशा खटल्यांवर आधारलेले अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१७ मध्ये रंगभूमीवर आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या खटल्यातील एक बाब लक्षणीय आहे. तेथे कोणी काही कृत्य केले होते असा आरोप नव्हता. वाचकाने विचारले आणि संपादकाने उत्तर छापले, एवढ्यावरूनच अपराध सिद्ध झाला. म्हणजे समलिंगी संबंधांविषयी मराठीत प्रकटपणे बोलणे हीच दंडनीय गोष्ट ठरली. ज्याला प्रश्न पडला आहे त्याने स्वतःच्या शब्दांत तो विचारावा आणि त्याला सभ्य, माहितीपूर्ण उत्तर मिळावे, अशी संवादाची जागा कर्वे यांनी निर्माण केली होती. या संवादाला दंड झाल्याने तिचा नैसर्गिक विस्तार खुंटला. प्रश्नकर्त्याचा हा उत्तमपुरुषी आवाज त्यानंतरच्या मराठी साहित्यात किती उशिरा ऐकू येतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

शब्दसंग्रहाचा मुद्दाही येथेच नोंदविणे योग्य होईल. 'समसंभोग' हा शब्द कृतीचा निर्देश करतो. 'अनैसर्गिक संबंध' हा कायद्याच्या भाषांतरातून आलेला शब्दप्रयोग कृतीवर निवाडा देतो. 'विकृती' हा शब्द निदान करतो. 'समलिंगी' अथवा 'समलैंगिक' हे शब्द व्यक्तीचा आणि तिच्या ओढीचा निर्देश करतात. पण प्रेम करणाऱ्या दोन पुरुषांनी वा दोन स्त्रियांनी परस्परांस काय म्हणावे, यासाठी मराठीने जे शब्द दिले ते 'मित्र' आणि 'मैत्रीण'. ते आसरा देणारे शब्द आहेत आणि झाकून टाकणारेही. पहिल्या नाटकाचे शीर्षकच या द्व्यर्थावर उभे आहे.

३

'मित्राची गोष्ट' हे नाटक १५ ऑगस्ट १९८१ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात प्रथम सादर झाले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे होते आणि सुमित्रा देव अर्थात 'मित्रा' ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाटकातील काळ १९४०नंतरच्या आरंभीच्या वर्षांचा आहे आणि वातावरण महाविद्यालयीन. बुजरा, स्वतःविषयी साशंक असा बापू हा नाटकाचा निवेदक आहे. धीट आणि मनस्वी मित्राशी त्याची ओळख होते. तो तिच्याकडे ओढला जातो. ती त्याला मैत्री देते आणि पुढे स्वतःचे रहस्यही सांगते. महाविद्यालयीन नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नायिकेची भूमिका नमा करते, आणि मित्रा नमाच्या प्रेमात पडते. नमाचा प्रियकर दळवी याच्या मत्सरामुळे या संबंधांचा बोभाटा होतो. नमा दुरावते, बापूही एका टप्प्यावर पाठ फिरवितो, मित्रा कोसळत जाते आणि आत्महत्या करते.

प्रथम शीर्षकाचा विचार करू. मराठी व्याकरणाच्या जुन्या वळणानुसार आकारान्त स्त्रीलिंगी नामाचे सामान्यरूप एकारान्त होते : माला – मालेची, सीता – सीतेची. त्या न्यायाने सुमित्रेची गोष्ट 'मित्रेची गोष्ट' व्हावयास हवी. पण आधुनिक बोलीत स्त्रियांची विशेषनामे बहुधा अविकृत राहतात. आपण 'सुमित्राची' असे म्हणतो. दुसरीकडे 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'मित्रा–' असेच आहे. परिणामी 'मित्राची गोष्ट' याचे दोन अर्थ एकाच वेळी शक्य होतात : मित्रा नावाच्या स्त्रीची गोष्ट आणि एका पुरुष मित्राची गोष्ट. याहून पुढे जाऊन असे म्हणता येईल, की बापू तिला 'मित्रा' अशी हाक मारतो तेव्हा ती हाक 'मित्र' या शब्दाच्या संबोधनरूपाशीही तंतोतंत जुळते. नाटकातील प्रत्येक हाकेत तिचे स्त्रीनाम आणि बापूने तिला देऊ केलेले पुरुषी मैत्रीचे नाते एकत्र उच्चारले जाते. इंग्रजी भाषांतरात हा खेळ हरवणे अपरिहार्य आहे. ही गोष्ट जशी मित्राची आहे तशीच ती 'मित्र' असण्याची, म्हणजे बापूची, परीक्षाही आहे, हे शीर्षक सूचित करते.

बापू हा निवेदक का, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. मित्राला स्वतःविषयी बोलता येत नाही असे नाही. तिची वाणी नाटकातील इतर कोणाहीपेक्षा धारदार आहे. तरीही तिची गोष्ट प्रेक्षकापर्यंत पोहोचते ती तिच्या मृत्यूनंतर, एका सद्भावी पण भित्र्या साक्षीदाराच्या स्मरणातून. १९८१च्या मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाला बापूच्या शेजारी बसणे शक्य होते. मित्राच्या जागी बसणे कठीण होते. तेंडुलकरांनी ही मर्यादा ओळखली आणि तिचाच नाट्यविषय केला असे म्हणता येईल. बापू सहानुभूती बाळगतो, आपली खोलीही देतो. पण स्वतःची प्रतिष्ठा पणाला लागते तेव्हा मागे सरतो. घरमताचे हे अत्यंत अचूक चित्र आहे. उघड द्वेष करणारा दळवी प्रेक्षकाला दूरचा वाटू शकतो. बापू मात्र जवळचा वाटतो आणि म्हणूनच अस्वस्थ करतो.

या संदर्भात नाटकांतर्गत नाटकाकडेही पाहिले पाहिजे. मराठी रंगभूमीने पुरुषाला स्त्रीवेषात केवळ स्वीकारले नाही, तर बालगंधर्वांच्या रूपाने त्याला स्त्रीसौंदर्याचा मानदंड केले. येथे उलट घडते. स्त्री पुरुषवेष घेते आणि वेष उतरविल्यावरही तिची ओढ उतरत नाही. रंगमंचावर जे टाळ्या घेते तेच रंगमंचाबाहेर कलंक ठरते. लोकदृष्टी लिंगभावाच्या सीमा ओलांडणाऱ्याला 'भूमिका' म्हणून सामावून घेते, 'जीवन' म्हणून घेत नाही, हा भेद नाटकाच्या रचनेतच गुंफलेला आहे.

आणखी एका मुद्द्याकडे समीक्षेचे लक्ष जाणे आवश्यक वाटते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ हे या विषयावरील चर्चेच्या केंद्रस्थानी राहिले आहे. परंतु त्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार लिंगप्रवेश हा अपराधाचा आवश्यक घटक होता. त्यामुळे दोन स्त्रियांमधील संबंध सामान्यतः त्याच्या कक्षेत येत नसत. म्हणजे मित्राने कायद्याच्या दृष्टीने कोणताही गुन्हा केलेला नाही. तिला कोणी शिक्षा सुनावत नाही. तरीही तिचा शेवट अटळ वाटतो. तिच्या पूर्वकथेत विवाहाची बोलणी हीच संकटाची सुरुवात आहे : लग्न ठरू लागल्यावर स्वतःच्या देहाविषयी आलेली शंका ती तपासून पाहते आणि त्या अनुभवाने हादरून जाते. नमाही विवाहाच्या रूढ वाटेनेच तिच्यापासून दूर जाते. म्हणजे या नाटकात जे काम करते ते दंडसंहितेचे बल नसून लग्नसंस्थेचे बल आहे. त्यामुळे कलम रद्द झाल्याने मित्रा वाचली असती असे म्हणता येत नाही, आणि हा निष्कर्ष आजच्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे.

मित्राला मृत्यू देऊन नाटककाराने अखेर प्रस्थापित नीतीचीच बाजू घेतली, असा आक्षेप घेता येतो. 'वेगळ्या' व्यक्तीचा मृत्यूने निकाल लावण्याची प्रथा अनेक भाषांतील साहित्यात आढळत असल्याने हा आक्षेप सहज दूर सारता येणार नाही. मात्र येथे मृत्यूनंतर प्रेक्षकाच्या हाती उरतो तो बापूचा अपराधभाव. निवाडा मित्रावर होत नाही. तो साक्षीदारावर होतो. त्याच सुमारास जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटातही, ज्याची पटकथा तेंडुलकरांची होती, महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा उपप्रसंग येतो. तेथे मात्र हा विषय संस्थेपुढील एका समस्येच्या रूपात येतो. या तुलनेत 'मित्राची गोष्ट'मधील नायिकेचे स्थान किती वेगळे आहे हे ध्यानात येते.

४

चेतन दातार (मृत्यू २००८) यांच्या 'एक माधवबाग'मध्ये कथनाचा अधिकार मित्राकडून आईकडे येतो. मराठीत लिहिलेले हे एकपात्री नाट्य पुढे मोना आंबेगावकर यांच्या प्रयोगांमुळे हिंदीतूनही अनेक प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. मुलाच्या दैनंदिनीतून त्याचे समलिंगी असणे आईला कळते आणि ती प्रेक्षकांपुढे आपले मन उलगडत जाते, असे त्याचे सूत्र आहे.

मराठी साहित्यात आईचे स्थान भावनिकदृष्ट्या इतके स्थिर आहे की तिच्या तोंडून हा विषय मांडणे ही एक विचारपूर्वक केलेली निवड मानावी लागते. बापूला मागे सरण्याची मुभा आहे. मैत्री तुटू शकते. आईला ती मुभा नाही. नाते तोडायचे नाही आणि कळलेले विसरताही येत नाही, या कोंडीत तिला विचार करावा लागतो. म्हणून या नाट्यात घरमत प्रथमच प्रवाही रूपात दिसते. आई एका मताची प्रतिनिधी म्हणून उभी नाही. धक्का, अपराधभाव, स्वतःच्या पालनपोषणात चूक शोधण्याची धडपड आणि मुलाला नव्याने ओळखण्याची इच्छा यांमधून ती जाते. प्रेक्षक तिच्याबरोबर तोच प्रवास करतो.

या मांडणीचे सामर्थ्य स्पष्ट आहे आणि मर्यादाही. मुलगा येथे प्रत्यक्ष बोलत नाही. त्याचा आवाज दैनंदिनीच्या आणि आईच्या माध्यमातून येतो. त्याला स्वीकारणे अथवा नाकारणे हा आईच्या उदारतेचा प्रश्न बनतो. स्वीकार ही देणगी असेल तर ती परतही घेता येते. हक्क परत घेता येत नाही. सद्भावनेवर उभी असलेली लोकदृष्टी आणि हक्कावर उभी असलेली नागरिकता यांतील हे अंतर वर्गात हे नाट्य शिकविताना अवश्य स्पष्ट करावे.

एकपात्री रूपाचाही विचार करावयास हवा. आई आपली कहाणी पतीला, शेजाऱ्यांना वा नातलगांना सांगत नाही. ती प्रेक्षागृहातील अपरिचितांना सांगते. तिलाही घरात श्रोता नाही. म्हणजे जे मौन प्रथम मुलाच्या वाट्याला आले होते ते त्याला जाणून घेणाऱ्या आईच्या वाट्यालाही येते. समलिंगी व्यक्तीच्या आप्तांनाही लपावे लागते, ही घरमताची एक महत्त्वाची कार्यपद्धती या रूपातून व्यक्त झाली आहे.

५

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' या कादंबरीत अखेर समलिंगी व्यक्ती स्वतः बोलते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात एक तरुण भाडेकरू राहावयास येतो. घरातील मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही एकमेकांच्या नकळत त्याच्या प्रेमात पडतात. तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडून जातो. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्यात तनय बोलतो, दुसऱ्यात अनुजा. जेरी पिंटो यांचे इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लेखकाने स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये आला.

तनयचे निवेदन निघून गेलेल्या प्रियकराला उद्देशून, 'तू' असे संबोधून केलेले आहे. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे आणि ज्याच्याशी बोलले जाते त्याचे लिंग दाखविते. 'मी गेलो', 'तू आलास' एवढ्या दोन वाक्यांतच उभयतांचे पुरुषत्व स्पष्ट होते. इंग्रजीत हे काही काळ दडवता येईल. मराठीत प्रेमाची पहिली ओळच प्रकटीकरण ठरते. त्यामुळे तनयला आपल्या ओढीविषयी वेगळे निवेदन, समर्थन वा खुलासा करण्याची गरज राहत नाही. 'मी असा का आहे' हा प्रश्न येथे कथनाचा विषय नाही. 'तू का गेलास' हा आहे. समलिंगी प्रेम हे प्रकरण न राहता विरहकथा होते, हा मराठी कादंबरीतील महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

पण या आवाजाला श्रोता कोण? ज्याला उद्देशून तो बोलतो तो गैरहजर आहे. घरातील कोणीही त्याचे ऐकत नाही, कारण काही घडले आहे हेच कोणाला ठाऊक नाही. कादंबरीच्या द्विदल रचनेचा खरा अर्थ येथे उलगडतो. अनुजा परत येते तेव्हा घर हादरते, लज्जित होते, रागावते, पण तिच्या दुःखाभोवती गोळाही होते. तिच्यावर उपचार होतात, तिची काळजी घेतली जाते. एकाच पुरुषाने एकाच घरातील दोघांना सोडले आहे. मात्र शोक करण्याची परवानगी एकालाच आहे. तनय आपले दुःख घेऊन बहिणीच्या दुःखाच्या सावलीत वावरतो. घरमतातील विषमता दाखविण्यासाठी लेखकाने कोणताही वाद, भांडण वा घोषणा योजलेली नाही. दोन निवेदने शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि वाचकाने तुलना करावी अशी अपेक्षा केली आहे.

६

आता विवाहाच्या प्रश्नाकडे येऊ. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीच्या खाजगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असे संबंध अपराध नसल्याचा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला प्रतिरूप नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयात मात्र विवाहाचा मूलभूत हक्क संविधानात नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाचा अर्थ समलिंगी जोडप्यांना सामावून घेईल असा लावता येणार नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. विवाहाव्यतिरिक्त अन्य स्वरूपाच्या संयोगाला कायदेशीर मान्यता मिळावी काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असे मत पडून मागणी अमान्य झाली. म्हणजे आज समलिंगी प्रेम हा गुन्हा नाही, पण ते नातेही नाही. या मधल्या प्रदेशाचे स्वरूप समजून घेण्यास वरील कृती साह्य करतात.

येथे एक प्रतिवाद विचारात घेतला पाहिजे. मराठी साहित्याने विवाहसंस्थेची कठोर चिकित्सा केली आहे. 'सखाराम बाइंडर'सारख्या नाटकात तेंडुलकरांनी स्वतःच तिच्या आतील आणि बाहेरील हिंसा उघडी केली. ज्या संस्थेने मित्राला आणि नमाला एकमेकींपासून तोडले तिच्यातच प्रवेश मागणे कितपत सुसंगत आहे? शिवाय अनुजाचे उदाहरणही या मागणीच्या विरोधात जाते असे वाटू शकते. तिचाही विवाह झालेला नव्हता. तरी घराने तिच्या दुःखाची दखल घेतली. मग मान्यतेसाठी विवाहच कशाला हवा?

बारकाईने पाहिल्यास अनुजाचे उदाहरण उलट निष्कर्षाकडे नेते. तिचा विवाह झाला नसला तरी तो होऊ शकला असता. निघून गेलेला तरुण घराच्या दृष्टीने संभाव्य जावई होता. म्हणूनच त्याचे जाणे ही 'घटना' ठरली, फसवणूक ठरली, शोकास पात्र ठरली. तनयच्या बाबतीत ही संभाव्यताच नाही. त्यामुळे त्याचे नाते घडलेही नाही आणि तुटलेही नाही. विवाहाचा हक्क हा विवाह करणाऱ्यांपुरता मर्यादित नसतो. जे कधीच विवाह करणार नाहीत त्यांच्या प्रेमालाही तो नात्याचा आकार देतो, हा विचार या कादंबरीच्या रचनेतून निघतो. विवाहसंस्थेची चिकित्सा करण्याचे स्वातंत्र्यही तिच्यात जाण्याची मुभा असणाऱ्यालाच पूर्णार्थाने लाभते.

कायदा आणि घरमत यांची गती वेगवेगळी असते, याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनंतर, गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याची मान्यता असूनही घरमत बदललेले नव्हते. 'समाजस्वास्थ्य'चे संपादक रघुनाथराव हे याच कर्वे यांचे चिरंजीव. समलिंगी विवाहाच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. २०१७ च्या अखेरीस यवतमाळ येथे दोन पुरुषांनी आप्तमित्रांच्या उपस्थितीत विवाहसमारंभ केला आणि त्यावरून वाद माजला. २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन स्त्री डॉक्टरांनी परस्परांशी बांधिलकीचा समारंभ केला. येथे कायदा नव्हता, पण साक्षीदार होते. दोन्ही काळांतील समान सूत्र असे, की घरमत बदलण्यास वादविवादापेक्षा प्रत्यक्ष, सर्वांदेखत जगलेले जीवन अधिक कारणीभूत होते. बहिष्कृत धोंडो केशव कर्वे यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. दरम्यान अनेक कुटुंबांना स्वतःच्या घरात निर्णय घ्यावे लागले होते.

७

वरील विवेचनातून काही निष्कर्ष मांडता येतात. 'समाजस्वास्थ्य'मधील प्रश्नकर्ता स्वतः बोलला, पण निनावी पत्रातून. मित्राची गोष्ट मित्राने सांगितली, तिच्या मृत्यूनंतर. 'एक माधवबाग'मध्ये मुलाची दैनंदिनी आईने वाचली. तनय स्वतः बोलला, पण निघून गेलेल्याशी. सुमारे सात दशकांच्या या वाटचालीत कथनाचा अधिकार हळूहळू समलिंगी व्यक्तीकडे आला. श्रोता मात्र अजून पूर्णपणे लाभलेला नाही. लोकमताचे आकडे अनुकूल होत असतानाही घरमत मागे का राहते, याचे एक उत्तर येथे सापडते : मत देण्यास ऐकण्याची गरज नसते.

पुढील अभ्यासासाठी काही दिशा सुचविता येतील. 'मित्राची गोष्ट'ची तुलना तेंडुलकरांच्या इतर नाटकांतील साक्षीदार-पात्रांशी करता येईल. मराठी क्रियापदांची लिंगदर्शकता आणि प्रेमकथनातील प्रकटीकरण यांचा शैलीवैज्ञानिक अभ्यास झालेला हवा. बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्या कार्यकर्त्या लेखकांच्या मराठी लेखनाचा विचार केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून न करता गद्यशैलीच्या अंगानेही व्हावा. ग्रामीण आणि दलित साहित्यात या विषयाचे मौन कोणत्या रूपात आढळते, हाही स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. येथे निवडलेल्या तिन्ही कृती नागर मध्यमवर्गाच्या आहेत, ही या लेखाची मर्यादा आहे.

अध्यापनाच्या संदर्भात एक मुद्दा मांडून हे विवेचन थांबवितो. या कृती पदव्युत्तर वर्गात शिकविताना 'समाजातील एका उपेक्षित घटकाचे चित्रण' अशी शब्दयोजना सहज केली जाते. या शब्दयोजनेत असे गृहीत धरलेले असते की तो घटक वर्गाबाहेर आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तनयसारखा एखादा विद्यार्थी, किंवा दैनंदिनी वाचून गप्प झालेल्या आईची एखादी मुलगी, शेवटच्या बाकावर बसलेली असण्याची शक्यता शिक्षकाने धरून चालावे. तिला वर्गात काही सांगण्यास भाग पाडू नये. पण आपल्या प्रत्येक वाक्याची ती श्रोता आहे, हे भान बाळगावे. 'विकृती', 'समस्या', 'प्रकार' हे शब्द ती ऐकत असते आणि वर्गातील हशाही ऐकत असते. या कृतींचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्या हशाच्या वेळी शिक्षक काय करतो येथपर्यंत पोहोचते.